हरणी दगा देत नाही

१

सोनाजी मेला होता याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो त्याला मारलं कुणी यावर, आणि त्या वादात पहिलं नाव निघालं ते एका फटफटीचं.

बाळापूर ठाण्याचे अमीन, म्हणजे निजामी पोलिसांतले फौजदार, धर्मसिंग आपल्या म्हाताऱ्या घोडीवरून काळ्या ओढ्याच्या पुलापाशी पोचले तेव्हा पौषातलं ऊन नुकतं वर आलं होतं. पुलाला कठडे नव्हते. खाली कोरड्या वाळूत विशीतलं ते पोरगं पालथं पडलेलं, आणि त्याच्यापासून हातभरावर माणिकराव देशमुखांची फटफटी एका अंगावर आडवी. गावचे पाटील दगडोबा पहाटेपासून काठी घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं, अगदी माणिकरावांनाही नाही.

फटफटीचं नाव हरणी. बावीस वर्षांपूर्वी औरंगाबादच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा माणिकरावांनी ती त्याच्याकडून घेतली. त्यानंतर तालुक्यात कितीतरी नव्या मोटारी आल्या, धापा टाकत बसल्या आणि बैल लावून घरी ओढून नेल्या गेल्या. हरणी मात्र चालत राहिली. एकदा कयाधूच्या पुरात ती बुडाली, चिखलासकट बाहेर काढली आणि तिसऱ्या दिवशी औंढ्याच्या जत्रेला गेली. बायकोला ताप आला तर माणिकराव काढा करायला सांगत. हरणी जरा खोकली की नांदेडला माणूस सुटलाच. रात्री ते तिच्या पोटाखाली करवंटी ठेवत, म्हणजे ठिबकलेलं तेल सकाळी बैलगाडीच्या आसाला होई. लढाईमुळे पेट्रोल परमिटावर मिळू लागलं तेव्हापासून तर ते तिला डोळ्यांत तेल घालून जपत होते.

धर्मसिंगांनी आधी प्रेत पाहिलं. डोकं मागून फुटलं होतं. थंडीमुळे पोराने सोलापुरी चादर अंगाभोवती गच्च लपेटून मानेमागे गाठ मारली होती, आणि दोन्ही हात आत होते. मग ते फटफटीकडे वळले. दिव्याची काच शाबूत. टाकीत पेट्रोल अर्ध्यावर, टाकीखालची तोटी उघडी, खालची वाळू कोरडी. मोडली होती ती फक्त मागच्या ब्रेकची सळई, तीही नव्या डागाच्या, म्हणजे तापवून दिलेल्या जोडाच्या, जागी.

"तो डाग कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"वसरामचा," माणिकराव पुलावरूनच म्हणाले. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "तांड्यावरचा वसराम. मागच्या हप्त्यात सळई त्याच्याकडून जोडून घेतली. काल सांजच्याला सोनाजी म्हणला, काका, औंढ्याला भटजीकडं जाऊन येतो. म्या अंगणात फटफटी त्याच्या हवाली केली. मंग तिला आता बघून राहिलो."

"सकाळपासून हात लावला तिला?"

"न्हाई. बघवत न्हाई मला."

वर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, की म्हातारं यंत्र, कधीतरी दगा द्यायचंच. माणिकराव ताडकन वळले.

"हरणी दगा देत न्हाई! माणूस देतो. गायरान बंद केलं म्हणून वसरामनं डूख धरलावता. डाग कच्चा ठेवला त्यानं!"

गर्दीला नेमकं एवढंच हवं होतं. दुपारच्या आत वसराम ठाण्याच्या कोठडीत होता, आणि उद्या त्याला परभणीला पाठवा असा वरून निरोपही आला होता. एवढ्या घाईने वरून काही आलं की धर्मसिंगांचं पित्त खवळायचं.

२

मेलेला सोनाजी हा देशमुखांच्या घरचा नव्हताच, आणि सगळी गोम तिथं होती.

माणिकरावांचे थोरले भाऊ वारल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांना मूल नव्हतं. त्यांची विधवा अनुसयाबाई त्याच घरात मागच्या सोप्यात राहत होती. तिने औंढ्याच्या लांबच्या भाऊबंदांतला सोनाजी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. येत्या सोमवारी नागनाथापुढे विधी व्हायचा होता. तो झाला असता तर देशमुखांची निम्मी जमीन सोनाजीच्या नावावर गेली असती.

अनुसयाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

"अमीनसाब, त्यानं अजून मला आई म्हणलं नव्हतं," ती म्हणाली. "सोमवारी म्हणतो, म्हणला. विधी झाल्यावर. लाजायचं पोरगं."

धर्मसिंगांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"दत्तकाला विरोध कुणाचा होता, बाई?"

"ग्यानबाचा. त्याला आपला पोरगा द्यायचा होता. चारचौघांत म्हणला, त्या औंढ्याच्या पोराचं तंगडं मोडीन."

"आणि माणिकरावांचा?"

"भाऊजी? न्हाई. भाऊजी तर कधी न्हाई ते ग्वाड बोलून राहिले होते. स्वतःहून फटफटी दिली त्याला."

ग्यानबा हा भाऊबंद खळ्यावर सापडला. गडी आडदांड होता, पण अमीन दिसताच त्याने हात जोडले.

"म्हणलो होतो साब, रागात म्हणलो. पर काल मी हिंगोलीला बहिणीकडं होतो. जाऊन विचारा. आन् मला ते फटफटीतलं काय कळतंय? मी तिच्या जवळबी जात न्हाई. वासानं मळमळतं."

हिंगोलीचा निरोप संध्याकाळी आला. ग्यानबा खरं बोलला होता.

राहिल्या माणिकरावांच्या पत्नी द्वारकाबाई. त्या फटफटीबद्दल सवतीबद्दल बोलावं तसं बोलल्या.

"आमाला लेकरू न्हाई. लेकरू काय ते तीच. कुणाची सावली पडू देत न्हाईत तिच्यावर. दिवाळीत माझा भाऊ आलावता. हे झोपले हायेत बघून गुपचूप घेऊन निघाला. वेशीपर्यंत गेली आन् बंद पडली. किका मारून मारून घामाघूम झाला बिचारा. हे जाऊन नुसते हसून राहिले. मंग टांग टाकली अन् एका किकेत सुरू! म्हणले, हरणी माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई."

"मग सोनाजीचं कसं ऐकलं?"

द्वारकाबाईंचा हात पदराशी थबकला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या.

३

फटफटी बैलगाडीतून ठाण्याच्या आवारात आणून उभी केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी वसरामची बायको पेमा येऊन बसली. तिच्या हातापायांवर राख होती.

"गंजी पेटवली आमची," ती म्हणाली. "आज गंजी, उद्या झोपड्या. पाटलांनी अडवलं म्हणून वाचलो. साब, माझा माणूस फासावर गेला तर तांडा उठंल इथून. कुठं जावावं आमी?"

धर्मसिंगांनी वसरामला बाहेर काढलं. तो नांदेडला एका मोटारींच्या कारखान्यात काही वर्षं राबून आलेला, हाडकुळा माणूस होता. एका दिवसात त्याचं तोंड पार उतरून गेलं होतं.

"परवा सांजच्याला काय ऐकलंस ते सांग. तांडा पुलाजवळच आहे."

"सांगितलं ना साब जमादाराला. कुणी लिहूनच घेत न्हाई. फटफटी आली. आवाज आमच्या वळखीचा हाय. पुलापाशी आवाज बंद झाला. मंग एक बिडी ओढून व्हईल इतका वेळ काहीच न्हाई. अन् मंग धप्प आवाज आला. म्हणलं मालक उतरले असतील, आपल्याला काय करायचं? त्यांनी गायरान बंद केल्यापासून आमी त्यांच्या वाटंला जात न्हाई."

"आवाज आधी बंद झाला? पडल्यावर नाही?"

"आधी. बराबर आधी. पडताना इंजिन चालू न्हवतं."

हे खरं असेल तर सोनाजी भरधाव येऊन पडलाच नाही. पण हे सांगणारा जीव वाचवायला बघणारा आरोपी होता, आणि परभणीच्या कोर्टात तांड्यावरच्या माणसाच्या कानांना कोण विचारतो? धर्मसिंग चरफडत फटफटीभोवती फिरले.

"सुरू कर बरं."

वसरामने किक मारली. पुन्हा मारली. इंजिन हूं की चूं करेना. टाकीत पेट्रोल होतं, खालची तोटी उघडी होती. त्याने कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं.

"येऊन न्हाई राहिलं," तो चकित होऊन म्हणाला. "तोटी उघडी हाय, टाकी भरलेली हाय, अन् थेंब न्हाई! मधी कुठंतरी अडकलंय. नळी सीटखालून गेलीय, तिथला चामड्याचा पट्टा सोडून बघतो."

धर्मसिंगांना वाळू आठवली. अर्धी टाकी भरलेली फटफटी रात्रभर एका अंगावर पडून होती, आणि खाली एवढासासुद्धा डाग नव्हता.

"नळी लाव परत, आणि हात काढ," ते एकदम म्हणाले. "पट्ट्याला कुणीही हात लावायचा नाही. तू नाही, मी नाही."

४

अडकलं ते कचऱ्याने की कुणाच्या हाताने? त्यांचं डोकं भणभणून गेलं. कुणी मुद्दाम बंद केलं असेल तर कशाला? अपघाताचा देखावा मांडणारा माणूस पेट्रोल बंद करून ठेवील, इतका खुळा असेल?

परभणीची मोटार दुपारी यायची होती. त्याआधी पूल पुन्हा एकदा पाहावा म्हणून त्यांनी घोडी मागवली आणि रिकिबीत पाय घातला. जीन सर्रकन सरकलं. घोडीच्या पोटाखालून ते आवळणारा तंग सैल होता. अमीनसाहेब भर आवारात आपटायचेच, जमादार संतरामने दंड धरला म्हणून अब्रू वाचली.

"तंग कुणी सैल केला?" ते गरजले.

संतराम मान खाली घालून हसू दाबत होता.

"तुमीच साब. सकाळी उतरलात तवा."

"मी? मी कशाला?"

"रोजच करता. उतरले की तुमचा हात जातोच तिच्या पोटाखाली. म्हातारी हाय, तिला श्वास घेऊ द्यावा म्हणून तुमीच एकदा म्हणले होते. आता तर कुणाशी बोलत असले तरी करता."

धर्मसिंग आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. सकाळची प्रत्येक गोष्ट त्यांना आठवत होती. पेमाच्या पायांवरची राख आठवत होती. तंग सैल केल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

फटफटी पुलावर कुणी आणली ते त्यांना कळलं होतं. पण हे कुठल्या कोर्टात सांगणार? त्याच्या तोंडून ते कधीच वदवता येणार नव्हतं, कारण हाताने काय केलं ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हातालाच बोलतं करायला हवं होतं.

"संतराम, पूल राहू दे. देशमुखांच्या घरच्यांना बोलाव. दगडोबा पाटलांना आण. आणि लोहाराला सांग, मोठा घण घेऊन ये."

५

आवारात माणसं मावत नव्हती. अनुसयाबाई पायरीवर बसली होती, द्वारकाबाई तिच्यामागे. ग्यानबा वास येऊ नये म्हणून पार फाटकाजवळ. वसरामच्या हातात बेड्या, आणि त्याच्या पलीकडे पेमा. मध्यभागी हरणी उभी होती आणि तिच्याशेजारी घण टेकून लोहार.

"पाटील," धर्मसिंग म्हणाले, "पहाटेपासून फटफटी इथं येईपर्यंत हिला कुणी हात लावला?"

"कुणीबी न्हाई. मी होतो ना."

"आणि इथं माझ्या पहाऱ्यात होती. ठीक. माझा निकाल असा आहे, की वसराम निर्दोष आहे. फटफटी पडली म्हणून डाग तुटला. दोष या यंत्राचा. बावीस वर्षांचं मोडकं भंगार, इंजिन चालता चालता मेलं आणि पोराला खाली घेऊन गेलं. बघा."

त्यांनी संतरामला खूण केली. त्याने किक मारली, ग्यानबाच्या पोराने मारली, शेवटी पाटलांनीही हौस भागवून घेतली. हरणी मुकी. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

माणिकरावांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"असल्या खटाऱ्यावर पोरांना बसवतात कशाला," धर्मसिंग पुढे म्हणाले. "लढाईसाठी सरकारला लोखंड हवंच आहे. लोहार, फोड. आधी टाकी."

लोहाराने घण उचलला.

"थांबा!"

माणिकराव गर्दी कापत आले. त्यांनी लोहाराला असं ढकललं की तो घणासकट कोलमडला.

"खटारा? माझ्या हरणीला खटारा म्हणता? बावीस वर्षांत एक डाव रस्त्यात बसली न्हाई ती! पुरातनं निघाली! तुमच्या हातात अक्कल न्हाई अन् तिला नावं ठेवता?"

त्यांनी टांग टाकली. उजवा हात सीटखाली गेला, क्षणभर तिथं राहिला, परत आला. एक किक. हरणी धडधडू लागली. ठाण्याच्या कौलांवरची कबुतरं उडाली. माणिकरावांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. त्या घटकेला ते खरोखर सुखी होते, हे धर्मसिंगांना मान्य करावंच लागलं.

"कबूल," ते ओरडून म्हणाले. "हरणी चालते. आता बंद करा, सुतक आहे."

माणिकरावांनी इंजिन बंद केलं. पाय उचलून उतरले. उतरता उतरता त्यांचा उजवा हात पुन्हा सीटखाली, चामड्याच्या पट्ट्याआड गेला, वळला आणि बाहेर आला. ते वसरामकडे रागाने बघत होते, हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"माणिकराव," धर्मसिंग हळू आवाजात म्हणाले, "आता काय केलंत?"

"काय केलं? बंद केली."

"त्यानंतर. उजव्या हातानं."

माणिकरावांनी हाताकडे पाहिलं. मग सीटकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

"वसराम, आता पट्टा सोड."

पट्ट्याआड पितळेची एक छोटी तोटी निघाली, बंद केलेली.

"ही फक्त एका माणसाला ठाऊक," धर्मसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. "परमिटाचं पेट्रोल कुणी पळवू नये, फटफटी कुणी न विचारता नेऊ नये, म्हणून बसवलेली. टाकीखालची तोटी दाखवायची, ती उघडीच. द्वारकाबाईंचे भाऊ वेशीपुढे गेले नाहीत ते हिच्यामुळे. नळीतलं पेट्रोल तेवढंच पुरतं, आणि पुलाखाली रात्रभर आडवी पडून तेही उडून गेलं. पूल वेशीपासून दोन कोस. म्हणजे पुलापर्यंत ही तोटी उघडी होती, आणि पुलावर कुणीतरी उतरून बंद केली. वसरामनं ऐकलं ते खरं. आवाज आधी थांबला. सोनाजी मेला, मेलेला माणूस तोटी बंद करत नाही."

ते माणिकरावांकडे वळले.

"सोनाजी ही चालवतच नव्हता. त्याचे दोन्ही हात चादरीत होते आणि गाठ मानेमागे. असा माणूस मागच्या कॅरिअरवर बसतो. तुम्ही स्वतः त्याला नेलंत, माणिकराव. सोमवारच्या आत. पुलावर थांबलात, मागून घाव घातलात. मग त्याला वरून ढकललंत. आणि हिला मात्र हळूच उतरवून आडवी केलीत. पोराचं डोकं फुटलं, दिव्याची काच फुटली नाही. मोडलंत तेही तुमच्या हरणीचं अंग नव्हे, वसरामनं लावलेला डाग. सगळं जमवलंत. फक्त उतरताना हात सवयीनं तिच्या पोटाखाली गेला, आणि तुम्हाला कळलंही नाही."

माणिकराव म्हणाले, "निम्मी जमीन जाऊन राहिली होती, साब. बापजाद्यांची."

द्वारकाबाई खाली बसल्या. वसरामच्या बेड्या काढल्या आणि त्याच बेड्या माणिकरावांना घातल्या. परभणीची मोटार फाटकात आली. गाडीत चढताना ते थबकले आणि मागे वळले. ज्याला फासावर द्यायला निघाले होते त्या वसरामकडे त्यांनी पाहिलं.

"वसराम, आठवड्यातनं एकदा तरी सुरू करत जा रे तिला. अन् करवंटी ठेव खाली. गळती ती."

वसरामने मान फिरवली. अनुसयाबाई पायरीवरून उठली आणि गाडीपर्यंत आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्याचं नाव सोनाजी होतं. परवापासून तुमी तिचंच नाव घेऊन राहिलेत. एकदा त्याचं घ्या."

माणिकरावांनी मान खाली घातली. मोटार सुटली तरी ती बाई रस्त्यात तशीच उभी होती. शेवटी पेमाने जाऊन तिला दंडाला धरून सावलीत आणलं.

ऊन कलल्यावर धर्मसिंग पाटलांबरोबर तांड्याकडे निघाले. गंजी कुणी पेटवली ते अजून शोधायचं होतं. त्यांनी रिकिबीत पाय घातला आणि लगेच काढून घेतला. तंग सैल होता. मधे कधीतरी ते घोडीजवळ गेले असावेत. कधी, ते त्यांना आठवेना. त्यांनी तो स्वतःच्या हाताने आवळला, दोनदा ओढून पाहिला आणि मग वर चढले.